सातारा-सांगलीत हौशी सुताराने शिकावे कोणाकडे?

सातारा, कराड, सांगली, मिरज यांपैकी कोणत्याही गावात तबला शिकायचा म्हटला तर क्लास सापडतो. शिवणकामाचे वर्ग तर गल्लोगल्ली आहेत. पण नोकरी किंवा दुकान सांभाळून, आठवड्याला एखाददुसरी संध्याकाळ काढून, घरासाठी एक पाट, स्टूल किंवा पुस्तकांचे छोटे कपाट आपल्या हाताने करता यावे, एवढेच सुतारकाम शिकायचे म्हटले की माणूस अडतो. तशी पाटी कुठे दिसत नाही. ओळखीच्या मिस्त्रींना विचारले तर ते म्हणतात, "तुम्हाला कशाला हवंय हे? काय करायचं ते सांगा, मी करून देतो." त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. आजवर त्यांच्याकडे लोक वस्तू मागायला आले, विद्या मागायला कोणी आलेच नाही.

या दोन जिल्ह्यांत लाकडाचे जाणकार कमी आहेत, असे मात्र मुळीच नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. त्याचे खांब, तुळया आणि तक्तपोशी पाहिली तरी अठराव्या शतकातल्या सुतारांची तयारी कळते. त्याच तालुक्यात बावधनचे बगाड रंगपंचमीला निघते. तो गाडा लाकडी आणि चाके दगडी. मिरजेत सतारी घडतात, सांगलीच्या एका भागाचे नावच वखारभाग आहे. हुन्नर आहे, लाकूड आहे, अवजारे आहेत. नाही ती बाहेरच्या माणसाला आत घेणारी वाट.

ही वाट का नाही, त्याचे उत्तर जुन्या गावगाड्यात आहे. सुतार हा बलुतेदार. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी यांची घडण आणि दुरुस्ती त्याच्याकडे आणि त्या बदल्यात सुगीला धान्याचे बलुते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. तिथे विद्या घरातल्या घरात वाढे. मुलगा आधी करवतीचे दुसरे टोक धरी, मग ढलप्या गोळा करता करता वाकस हाती घेई. फी नव्हती, अभ्यासक्रम नव्हता आणि परक्या मुलाने शिकायला यावे असे कारणही नव्हते. जातीने व्यवसाय ठरवला आणि त्याच जातीने त्याचे शिक्षण इतरांना बंद करून टाकले. सुताराच्या मुलाला दुसरे काही शिकता आले नाही, आणि इतरांना हाताने काम करणे कमीपणाचे वाटू लागले. हौशी माणसाची आजची अडचण या इतिहासातून आली आहे.

पुढे शेतीची अवजारे लोखंडाची झाली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडलच्या माळावर कारखाना आणला, किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. लाकडी नांगराचे काम घटले, पण कारखान्याने सुतारकामाची एक वेगळीच शाखा वाढवली. तिची फारशी चर्चा होत नाही, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल.

लोखंड ओतायचे तर आधी वाळूत साचा हवा आणि साच्यासाठी त्या भागाची हुबेहूब लाकडी प्रतिकृती हवी. तिला पॅटर्न म्हणतात आणि ती करणारा पॅटर्नमेकर. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. त्यासाठी या कारागिराची मोजपट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर खऱ्यापेक्षा किंचित मोठा. शिवाय पॅटर्न वाळूतून उचलताना साचा ढासळू नये म्हणून उभ्या बाजूंना अगदी थोडा उतार द्यायचा, आतले कोपरे गोलसर भरून घ्यायचे, लाकूड दमटपणाने फुगणार नाही असे निवडायचे आणि जोडायचे. सांगली-मिरज-कुपवाडच्या औद्योगिक पट्ट्यात, साताऱ्यात आणि शेजारच्या कोल्हापुरात फाउंड्रीच्या जोरावर हे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या टिकले. आता बरेच पॅटर्न धातूचे किंवा रेझिनचे असतात आणि ते संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कोरले जातात. त्यामुळे लाकडात अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब सांभाळलेले कितीतरी हात आज निवृत्त होऊन घरी बसले आहेत. हौशी विद्यार्थ्याला या भागात मिळू शकणारा सर्वांत चांगला शिक्षक बहुधा हाच. आणि त्याच्याकडे कोणी जात नाही.

लोक जातात ते फर्निचर करणाऱ्या मिस्त्रींकडे, कारण ते डोळ्यांसमोर असतात. त्यांचे काम आज बहुतांशी प्लायवूड, सनमायका, फेविकॉल, स्क्रू आणि यंत्रावरचे. स्वयंपाकघराची ट्रॉली, भिंतीतले कपाट, पलंग अशी कामे ठेक्याने होतात आणि तारखेला पुरी करावी लागतात. अशा ठिकाणी महिनाभर मदतनीस म्हणून राहिले तर मोजमाप, प्लायवूड कापण्याचा हिशेब आणि फिटिंग चांगले शिकता येते. ज्याला घरातले फर्निचर स्वतः करायचे आहे त्याला तेवढे पुरेल. पण सागाच्या दोन तुकड्यांना खिळा न मारता जोडणे, लाकडाचे रेषे कोणत्या दिशेला धावतात ते ओळखणे, रंध्याला धार लावणे या गोष्टी तिथे क्वचितच हाती येतात. मिस्त्रींना त्या येत नाहीत असे नाही. त्यांच्या रोजच्या कामात त्या लागत नाहीत, एवढेच.

शिकणाऱ्याने इथे स्वतःला एक गोष्ट विचारून घ्यावी: आपल्याला वस्तू हवी आहे की हाताला वळण हवे आहे? उत्तरावर शिक्षक ठरतो.

सरकारी वाट म्हणजे आयटीआय. तिथला पूर्वीचा सुतार ट्रेड आता वूडवर्क टेक्निशियन या नावाने चालतो. मुदत एक वर्ष, प्रवेशाला आठवी उत्तीर्ण पुरे आणि भर प्रात्यक्षिकावर. शिकवण्याची पद्धत शिस्तीची आहे: आधी अवजारांची ओळख, मग करवतीने रेषेवर कापणे, मग रंधा, मग एकेक जोड. हौशी माणसाला खरे तर हाच क्रम हवा असतो. अडचण वेळेची आहे. वर्ग दिवसा, पूर्णवेळ आणि उद्देश नोकरीचा. चाळिशीतला बँक कर्मचारी वर्षभर रोज सकाळी तिथे बसू शकत नाही.

थोडी फट मात्र दिसू लागली आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी राज्यात अल्पमुदतीच्या रोजगारक्षम अभ्यासक्रमांची योजना सुरू झाली. सुमारे ४०० शासकीय आयटीआय आणि १५० तांत्रिक विद्यालयांत लहान तुकड्या चालवण्याची ही योजना आहे. तिचे लक्ष्यही रोजगारच आहे. पण कार्यशाळा मुख्य वर्गाच्या वेळेबाहेर उघडी ठेवता येते, हे तत्त्व तिच्यामुळे मान्य झाले. आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये लाकूडकामाची तुकडी निघते का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारावे. मागणी नोंदली गेली तरच ती पुढच्या वेळी धरली जाते.

पंतप्रधान विश्वकर्मा योजनेबद्दलही बरेच जण विचारतात. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या या योजनेत १८ व्यवसाय आहेत आणि सुतार त्यांत पहिल्या फळीत. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि कमी व्याजाचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. ही योजना हाताने काम करून पोट भरणाऱ्या पारंपरिक कारागिरांसाठी आहे. हौशी माणसाने तिथे अर्ज करू नये. ती जागा दुसऱ्याच्या हक्काची आहे.

याहून जवळची आणि कमी वापरलेली जागा म्हणजे अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ पासून आहे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला कार्यशाळेचा तास असतो आणि विद्यार्थी तिथे सुतारकामाचा एखादा जोड करून, गुण घेऊन बाहेर पडतात. त्या तासापुरती ओळीने मांडलेली बाके, शिकंजे आणि अवजारे वापरली जातात. संध्याकाळी आणि रविवारी ती बंद खोलीत असतात. नव्या इमारतीचीही गरज नाही, एवढी सोय आधीच उभी आहे.

मिरजेचे नाव या विषयात निघतेच, आणि ते आदरानेच घ्यावे लागते. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतल्या कारागिरांनी शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तंतुवाद्यांची दुरुस्ती आणि मग घडण हाती घेतली. फरीदसाहेब सतारमेकर हे या परंपरेचे आद्य नाव. गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि गाणे व वाद्ये यांचे नाते तिथे आणखी घट्ट झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. भोपळे मंगळवेढ्याच्या बाजूने येतात, तूण लाकूड कर्नाटकातून. दांडी आतून पोकरून घ्यायची, भोपळ्यावर तबली बसवायची, सगळे जमल्यावर घोडीवर जवारी काढायची. जवारी म्हणजे तार जिथे टेकते तो पृष्ठभाग कानशीने इतका हलका घासायचा की तारेतून भरलेला, लांबणारा नाद यावा. एखादी कानस जास्त फिरली की नाद बसतो. हे काम कानाने चालते आणि त्याला वर्षे जातात.

म्हणून हौशी माणसाने मिरजेत जावे, पण आठवड्याला दोन तासांत सतार करायला शिकू अशा अपेक्षेने जाऊ नये. त्या कार्यशाळा मागणीवर चालतात, तिथे प्रत्येक हाताला काम आहे. आगाऊ विचारून, कामाच्या दिवशी, बाजूला बसून पाहावे. कारागीर बैठक कशी ठेवतो, तुकडा पायाने कसा धरतो, पटाशी लाकडात किती कमी घालतो, हे पाहिल्याने नजर तयार होते. नजर तयार असलेल्या विद्यार्थ्याला दुसरीकडे शिकताना निम्मे कष्ट पडतात.

पुणे-बंगळूर महामार्ग सातारा-कराडवरून जातो आणि मिरज हे रेल्वेचे मोठे जंक्शन आहे, त्यामुळे बाहेरगावच्या शिकवणीचा विचारही रास्त आहे. बंगळूरला केंद्र सरकारची काष्ठविज्ञान आणि तंत्रज्ञान संस्था आहे. तिच्या प्रगत प्रशिक्षण केंद्रात आधुनिक यंत्रांवर अल्पमुदतीचे अभ्यासक्रम चालतात. पण ते मुख्यतः उद्योगासाठी आहेत. हौशींसाठीच्या सामायिक कार्यशाळा भारतात गेल्या दहा-बारा वर्षांत आल्या. मुंबईत २०१३ मध्ये सुरू झालेले आणि नंतर गोव्यात गेलेले मेकर्स असायलम हे त्यांतले ठळक नाव, तसेच बंगळूरचे वर्कबेंच प्रोजेक्ट्स. मोठ्या शहरांत शनिवार-रविवारच्या कार्यशाळाही होतात आणि दोन दिवसांत माणूस चॉपिंग बोर्ड किंवा छोटा स्टूल घेऊन घरी येतो. चव घ्यायला हे उत्तम. पण लाकूड आधीच रंधून, मापात कापून ठेवलेले असेल तर शिकणाऱ्याच्या वाट्याला फक्त जोडणे आणि घासणे उरते. नाव नोंदवण्यापूर्वी एवढेच विचारावे: धार कोण लावणार? उत्तर 'तुम्ही' असे आले तर जावे.

ज्याला वर्षभर मोकळीक आहे, विशेषतः दहावी-बारावीनंतर थांबलेल्या मुलामुलींना, पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाचा विचार करता येईल. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. तिथल्या एक वर्षाच्या निवासी पदविकेत सुतारकाम एकटे येत नाही. बांधकाम, वेल्डिंग, वीज, शेती यांच्यासोबत येते आणि गावाची खरी कामे करत करत शिकायचे असते.

व्हिडिओंचा उल्लेख टाळून चालणार नाही. ब्रिटिश सुतार पॉल सेलर्स यांच्यासारखे शिक्षक हातअवजारांचे संपूर्ण शिक्षण इंटरनेटवर मोफत देतात, आणि ते खरोखर दर्जेदार आहे. मात्र पडद्यावर रंध्याचा आवाज ऐकू येतो, हाताला लागणारा विरोध कळत नाही. आपली कोपराची रेषा चुकते आहे हे सांगायला समोर माणूस लागतो. महिन्यातून एकदा जाणकाराकडे जायचे आणि मधल्या काळात व्हिडिओ पाहून सराव करायचा, ही जोडी चांगली चालते.

आता पहिला धडा कसा असावा, ते जरा जवळून पाहू. हातभर लांबीचा, दोन इंच जाडीचा साधा तुकडा घ्यायचा. त्याआधी रंध्याचे पाते काढून दगडावर साधारण तीस अंशांत घासायचे. घासता घासता पात्याच्या मागच्या बाजूला धातूची बारीक कडा उभी राहते, ती बोटाला खरखरीत लागते. ती लागली की पाते पालथे करून सपाट घासून ती काढायची. कागद सहज कापला गेला की धार आली. मग तुकड्याची एक बाजू रंधायची. रेषे उलटे असतील तर लाकूड फाटते, आवाज बदलतो आणि तुकडा फिरवून घ्यावा लागतो. पोलादी पट्टी कडेवर उभी करून उजेडाकडे धरायची, खालून प्रकाश दिसला तर तिथे खड्डा आहे. ही बाजू सपाट झाली की तिला गुण्या लावून शेजारची बाजू काटकोनात आणायची. पहिल्या दिवशी एवढेच. पुढे खाच आणि कुसू: कुसवाची जाडी लाकडाच्या साधारण एकतृतीयांश, खूण पेन्सिलीने न करता धारदार पात्याने, आणि करवत रेषेच्या टाकाऊ बाजूला. जो शिक्षक हे दोन-तीन आठवडे न कंटाळता करून घेईल, तो आपला. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे की नाही याला फारसे महत्त्व नाही.

अशा शिक्षकाशी व्यवहार आधीच स्पष्ट ठरवावा. त्याची दिवसाची हजेरी जी असेल, तिच्या निम्मी रक्कम एका सकाळसाठी द्यावी, लाकूड आपण न्यावे आणि त्याच्या चालू कामाच्या वेळी मध्ये घुटमळू नये. शिकवणे हे काम आहे आणि कामाचे पैसे द्यायचे असतात. तीन-चार जण मिळून गेले तर प्रत्येकाला परवडते, आणि निवृत्त कारागिराला महिन्याचे नियमित उत्पन्न होते.

सुरुवातीला अवजारे थोडीच पुरतात: एक करवत, एक मध्यम रंधा, दोन पटाश्या, गुण्या, मोगरी, दोन क्लँप आणि धारेचा दगड. पुण्याच्या बोहरी आळीत हे सारे एका फेरीत मिळते, सांगली-साताऱ्याच्या हार्डवेअर दुकानांतही बरेचसे मिळते. लाकडासाठी सागाची घाई नको. वखारीत शिवण मिळाले तर शिकायला ते नरम आणि प्रेमळ लाकूड आहे. एमआयडीसीतून पॅकिंगच्या पेट्यांचे पाईन स्वस्तात मिळते, फक्त त्यावरचा छाप पाहावा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेले, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घेऊ नये. महाबळेश्वर-पाटणच्या पावसात आणि माण-आटपाडीच्या कोरड्या हवेत एकच लाकूड वेगवेगळे वागते, हेही ध्यानात ठेवावे. उन्हाळ्यात घट्ट बसवलेला ड्रॉवर पावसाळ्यात उघडत नाही.

सुरक्षिततेबाबत मात्र कोणाचीही भीड धरू नये. मार्बल कटर उलटा बाकाखाली बसवून त्यावर लाकूड कापण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. घाईच्या ठेक्यात ती रुळली, पण नवशिक्याने तिच्या जवळही जाऊ नये. लाकडाची धूळ कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवले आहे. यंत्राने घासताना मास्क हवाच. हातअवजारांनी सुरुवात करण्याचा हा आणखी एक फायदा: धूळ कमी, आवाज कमी, फ्लॅटच्या गच्चीतही काम करता येते.

बायकांना ही शिकवणी मिळणे पुरुषांपेक्षाही अवघड जाते. मिस्त्रींच्या साइटवर एकटीने जाऊन शिकणे बहुतेकींना सोयीचे वाटत नाही. संस्थेच्या कार्यशाळेत, ठरलेल्या वेळी भरणारा वर्ग असेल तर हा प्रश्नच उरत नाही.

जगात अशा वर्गांची उदाहरणे जुनी आहेत. स्वीडनमध्ये ओटो सॉलोमन यांनी १८७० च्या दशकात नॅस येथे शाळेतल्या सुतारकामाची पद्धत बसवली. सुतार घडवणे हा तिचा हेतू नव्हता, हात आणि डोळा यांना वळण लावणे हा होता. सोप्या वस्तूपासून अवघड वस्तूपर्यंत चढत जाणारा तिचा क्रम हौशी प्रौढांना आजही जसाच्या तसा लागू पडतो. ऑस्ट्रेलियात १९९० च्या दशकात निवृत्त पुरुषांसाठी 'मेन्स शेड' सुरू झाल्या. सामायिक अवजारे, चहा आणि लाकूडकाम एवढ्यावर त्या देशभर पसरल्या. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा आणि शिका' हे तत्त्व साताऱ्यातून महाराष्ट्रभर नेले. वर्ध्याला १९३७ मध्ये नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली, तिच्याही मुळाशी हस्तव्यवसाय होता. श्रमाला शिक्षणात मानाची जागा देण्याचा विचार ज्या सातारा जिल्ह्याने राज्याला दिला, तिथे सुतारकामाचा एक संध्याकाळचा वर्ग नसावा, हे पटत नाही.

करायचे ते थोडे आहे. सातारा, कराड, सांगली आणि मिरज इथल्या आयटीआय, तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी आपली सुतारशाळा रविवारी सकाळी तीन तास उघडावी. एखाद्या निवृत्त निदेशकाला किंवा पॅटर्नमेकरला मानधनावर बोलवावे, दहा-बारा जणांची तुकडी घ्यावी आणि खर्च भागेल एवढे शुल्क ठेवावे. ज्यांना शिकायचे आहे त्यांनी एकेकट्याने मिस्त्री शोधत फिरण्याऐवजी सात-आठ नावांची यादी करून, सह्यांचा अर्ज घेऊन प्राचार्यांना भेटावे. नवे शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी, एप्रिल-मेमध्ये गेलेले बरे.